नोंदवहीतला तिसरा रकाना

साकोलीची एसटी त्या दिवशी आलीच नाही,
म्हणून मी वर्गातच बसले
नोंदवह्यांचा गठ्ठा घेऊन.
एप्रिल. पत्रे तापून टकटक वाजत होते.
सोमवारी केंद्रप्रमुख येणार.
प्रत्येक मुलासमोर तीन रकाने:
विशेष प्रगती. आवड, छंद. सुधारणा आवश्यक.

तयार नोंदींची पुस्तिका चाळीस रुपयांना मिळते.
"परिपाठात उत्साहाने सहभागी होतो."
"अक्षर सुवाच्य व वळणदार काढते."
सात वर्षं मी हीच वाक्यं उतरवली,
होतो-होते तेवढं बदलून.
एका वर्षी तर शाळा सोडून गेलेल्या पोरापुढेही
माझ्याच हाताने लिहिलं होतं:
उपस्थिती नियमित.

दिवेश मारबते, इयत्ता चौथी.
एक मीटर म्हणजे किती सेंटीमीटर?
पेपरात त्याने जागा कोरी सोडली होती.
मी लाल पेनाने शून्य दिलं,
आणि ते शून्य माझ्याकडेच बघत राहिलं.

कारण जानेवारीत
याच पोराने विचारलं होतं,
"बाई, आपला तलाव किती खोल हाय?"
मला माहीत नव्हतं.
पुस्तकातही नव्हतं.
मग बापाच्या जाळ्याची जुनी दोरी आणली त्याने,
टोकाला दगड बांधला,
डोंगा मधोमध नेऊन बापाने दोरी सोडली,
आणि आम्ही सगळे पाळीवर उभे, श्वास धरून.
ओली दोरी वर्गात आली.
दिवेशने मोजली: नऊ वीत.
भाविका नान्हेने मोजली: अकरा.
"माही ईत खरी."
"काहून? तुये हात का सरकारी हायेत?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं.
फळ्याखाली एक मीटरची पट्टीही होती.
मी खडू मुठीत गच्च दाबला
आणि गप्प राहिले.
आयुष्यात इतकं अवघड काम मी क्वचितच केलं असेल.
भांडण मधल्या सुट्टीत गेलं,
खिचडीच्या ताटांवर गेलं,
तिसऱ्या दिवशी आंचल, जी वर्गात कधी बोलत नाही,
म्हणाली, "एकच हात ठरवा नं. सगळ्यांसाठी."
पट्टी मग त्यांनीच शोधली,
झाडूच्या मागे पडलेली.

हे सगळं कुठल्या रकान्यात लिहायचं?

पुस्तिका मिटली मी.
दुसऱ्या दिवशी नोंदवह्याच मुलांना वाटल्या,
म्हटलं, तिसरा रकाना तुम्ही लिहा,
आपापला, खरा.
भाविकाने लिहिलं:
"मी लय जोरानं बोलतो. दुसऱ्याचं आयकत नाई."
इकडच्या पोरी बोलतो, जातो, खातोच म्हणतात.
मी ते खोडलं नाही.
आंचलने फक्त एक आकडा लिहिला, तीन.
काय गं हे?
"तीनदा बोट वर केलं, बाई. औंदा."

दिवेशची वही सर्वात उशिरा आली.
स्वतःचा रकाना कोराच,
पण मागच्या पानावर पट्टीने आखलेला तक्ता
आणि वर माझं नाव.
विशेष प्रगती: बाई आता उत्तर लवकर सांगत नाई.
आवड, छंद: चहा.
सुधारणा आवश्यक: पान्याले भेते.

सोमवारी केंद्रप्रमुखांनी चष्मा वर सारला.
"मॅडम, हे कोणत्या साधनतंत्रात बसवलं?"
मी खिळ्याला टांगलेली दोरी दाखवली.
ते काही बोलले नाहीत.
सहीही केली नाही त्या पानावर.
बिस्किट चहात बुडवून खाल्लं,
हेल्मेट घेतलं, गाडीला किक मारली,
आणि मग काय वाटलं कोण जाणे,
गाडी बंद करून विचारलं,
"अन् मग किती वीत भरला तलाव?"

दारातून दिवेश म्हणाला,
"कोनाच्या इतीनं?"