जाताना दहा, येताना नऊ

नातू मोबाइलवर बोट फिरवतो नि सांगतो,
आजो, मोपा ते गॅटविक सात हजार सहाशे किलोमीटर.
जाताना दहा तास, येताना नऊ.
वाट तेवढीच, मग एक तास कुठे गळला?

हे मला समजतं.
सत्तावीस वर्षं केरीच्या फेरीबोटीचं चाक धरलं मी.
ओहोटीला नदी समुद्राकडे सुटते
तेव्हा नाक तेरेखोलच्या धक्क्याकडे धरून चालत नाही,
बरंच वर, आरोंद्याच्या अंगाला धरावं लागतं,
तर कुठे धक्का सापडतो.
वाऱ्यालाही ओढ असणार, मी म्हणतो.
पश्चिमेला निघालेल्याला तो जरा अडवतो,
चपलेत पाय घातल्यावर घरातलं कुणी
उगाच काहीतरी विचारत राहतं, तसा.

हिशेब त्यानंच मांडला.
खेपेला अर्धा किलोमीटर, दिवसाला वीस खेपा,
सुट्ट्या, गाळात रुतलेले दिवस वजा.
एकूण एक्याऐंशी हजार.
आजो, तू दहा वेळा लंडनला टेकलास!
खाकी पँटीत, डिझेलच्या वासासकट,
एकदाही पासपोर्ट न दाखवता.
दहा म्हणजे पाच जाणी, पाच येणी.
ठीक. म्हणजे मी घरीच आहे.
पण वर साडेचार-पाच हजार उरतात.
तो नकाशा मोठा करून दाखवतो:
तुर्कस्तानातले डोंगर.
निवृत्त झालो त्या दिवशी मी तिथवर पोचलो होतो म्हणे,
अकराव्यांदा निघून.

हेमांगी गॅटविकलाच असते. विमानतळावरच.
माणसं उतरली की आत शिरायचं,
बावीस मिनिटांत सीटा पुसायच्या,
पट्टे एकावर एक दुमडून ठेवायचे.
रिकामी झालेली बोट मला ठाऊक आहे.
शेवटच्या खेपेनंतर मीही झाडायचो:
भिजकी तिकिटं, एकच चप्पल, उंड्याचा तुकडा.

परवा फोनवर म्हणाली,
बाबा, बाराव्या रांगेत काजूगराची साल मिळाली.
तांबूस, पातळ.
आपल्याकडून आलेलं विमान होतं?
काय माहीत. आतून सगळी सारखीच.
टाकलीस?
मग लाइन गेली
किंवा ती बोलली नाही.

ती गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता.
आता अकरा. किलोमीटर तोंडपाठ.
विचारत मात्र नाही काही, सांगतोच फक्त.

पहाटे सड्यावरून विमानाचा आवाज येतो,
कौलं किंचित हलल्यासारखी.
अंधारात तो उशीवरून विचारतो,
हे जाणारं की येणारं?

फेरीबोटीचं मी डोळे मिटून सांगितलं असतं.
केरीकडे वळताना इंजिन जरा घसा खाकरायचं.
ह्याचं काही कळत नाही.

येणारं, मी म्हणतो.
आणि तो मोजायला लागतो,
नवापासून उलटे.