भोकं पडलेली पत्रं

वडिलांची पत्रं मादेइरा बेटावर यायची
भोकं पडलेली.
सेन्सॉरचा साहेब कात्रीने ओळी कापून घ्यायचा
आणि आई, फिलोमेना,
कागद खिडकीशी धरून म्हणायची,
"बघ, इथे तुझा बाप काम करतो."
भोकातून केळीची बाग दिसायची.
मी सात वर्षांचा. मला वाटायचं
बाबा हवेत काम करतात.

करत होते खडकात.
जिब्राल्टरच्या पोटात, चुनखडीत,
कॅनडाहून आलेल्या खाणकऱ्यांच्या मागे लॉरी घेऊन.
त्यांतला एक एइनो लाहतेला.
ड्रिल लावण्याआधी दगडाला कान लावायचा,
डॉक्टर छातीला लावतो तसा,
आणि थुंकायचा.
सुरुंग. धूर. पाऊण तास थांबायचं.
मग बाबा, खोकला, डबर,
खोकला, डबर.

आत काय काय उभं राहिलं ते मी फार नंतर पाहिलं:
पावाची भट्टी, शस्त्रक्रियेची खोली,
टेलिफोनच्या तारांच्या वेण्या,
न्हाव्याची खुर्चीसुद्धा.
भिंतींना बारा महिने घाम,
शिपायांच्या बुटांवर रात्रीत हिरवी बुरशी.

ज्या वेढ्यासाठी हा सगळा संसार मांडला
तो वेढा आलाच नाही.

डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणा.
बाबा चिडायचे. उंदीर कसला, डबर काढलं डबर!
ते रोज समुद्रात ओतलं,
धावपट्टी पाण्यात वीत वीत पुढे सरकली
आणि तिच्यावर विमानं उतरली.
डोंगराच्या पोटातलं
विमानांच्या चाकांखाली.

आम्ही परतलो तेव्हा धक्क्यावर बाबा होते,
उजव्या कानाने ठार बहिरे.
आईने पत्रांचा गठ्ठा पुढे ठेवला:
भर आता.
चष्मा लावून बसले. एकेका भोकाखाली कागद लावून
आठवून आठवून लिहीत गेले.
बऱ्याच ठिकाणी गुपित असं काही नव्हतंच.
"आज कालेंतिता खाल्ली. बेसन कच्चं.
तुझ्या हातची नव्हती."

आई हसली. बाबाही.

एका पत्रापाशी मात्र
पेनाला टोपण लावलं.
तारीख नोव्हेंबरातली.
त्याच्या पुढच्या एकाही पत्रात
एइनोचं नाव नाही.

आईने विचारलं नाही. डाव्या कानाकडूनही नाही.
सवयीने तो कागद तिने खिडकीशी धरला.
या खेपेला भोकातून
खडक दिसत होता.