वरची वाट

आमच्या बेटावर जूनमध्ये रात्र होतच नाही.
चोराच्या मनात चांदणं, म्हणतात.
माझ्या मनात तर दिवसच होता, पांढराफटक,
मध्यरात्री दीड वाजता
सुरीचं पातं दिसावं इतका.

कोकरू हानुसच्या मेंढीमागे चाललं होतं.
कानांना अजून खूण नव्हती.
त्याची खूण डावा कान मधोमध चिरलेला,
माझी उजव्याचं टोक उडवलेलं.
रक्ताचे तीन थेंब गवतावर,
आणि कोकरू माझं.

ऑक्टोबरात डोंगरावरून कळप उतरवले,
तेव्हा हानुसने स्वतःच्या हाताने
ते माझ्या कुंपणात ढकललं.
"असू दे तुझ्याकडे," म्हणाला,
टोपी सारखी केली आणि निघून गेला.
त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता.
मी शोधला होता. नव्हता.

म्हणजे माफी मिळाली होती,
मी तोंड उघडायच्या आधीच.
आणि त्यानंतर एकोणीस वर्षं
मी खालच्या वाटेने चर्चला गेलो.
वरची वाट हानुसच्या दारावरून जाते, दहा मिनिटांची.
खालची समुद्राच्या कडेने, शेवाळाची,
पाऊण तास खाते.
मालान विचारायची, एवढा वळसा कशाला?
गुडघ्यांना चढ सोसत नाही, मी म्हणायचो.
तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो.

दर रविवारी सगळ्यांबरोबर म्हणायचो,
पाप केलं आम्ही, विचाराने, शब्दाने, कृतीने.
चाळीस तोंडांत माझं तोंड बरं लपायचं.
कोकरू त्यातल्या एकाही शब्दात मावत नव्हतं.

तूरी पाळकबाई नवीन आल्या, त्यांना एकदा गाठलं.
क्रुसावर सगळं फिटलंय ना,
मग फिटलेलं कर्ज पुन्हापुन्हा का सांगायचं?
सावकारसुद्धा कंटाळेल.
त्या चिखलाचे बूट काढत होत्या,
बराच वेळ नाडी सुटेना.
"देवाला त्यातून नवीन काही कळत नाही,
एवढं खरं," म्हणाल्या,
आणि दुसऱ्या बुटाकडे वळल्या.
मला राग आला. हे काय उत्तर झालं?

मार्चमध्ये गेलो शेवटी.
हानुस बटाटे सोलत बसला होता.
त्याला आता दिसत नाही, पावलांवरून माणूस ओळखतो.
माझी ओळखली नाहीत.
त्या दारात ती वाजली होती कधी?
"कोण?"
"मी, होग्नी. ते कोकरू तुझं होतं. कान मी कापला."
"ठाऊक आहे."
"तू माफ केलंस, तेही मला ठाऊक आहे."
"मग?"

मग काय, ते मलाही सांगता येईना.
किटली उकळून उकळून आटत आली.
हानुसने सुरी खाली ठेवली.
"त्या मेंढीचं नाव फ्लेका," म्हणाला,
"माझ्या धाकटीने ठेवलेलं.
तीन दिवस कड्यावर उभी राहून ओरडत होती.
चौथ्या दिवशी तिचा आवाजच बसला.
कुणाला सांगितलं नाही मी.
सांगितलं असतं तर तुझं नाव निघालं असतं."

मी आपला एका कोकराचा हिशेब धरून बसलो होतो.
मेंढी धरलीच नव्हती.
आणि तो, माफ करणारा,
माझ्याइतकाच गप्प होता, माझ्यासाठी.

मग तासभर फ्लेका, फ्लेका.
धाकटीचा लोकरी हातमोजा तिने कसा चावून खाल्ला,
आणि कशी नंतर साळसूद उभी राहिली.
आम्ही हसलो. कॉफी कडूजहर होती,
दोन कप प्यायलो.

येताना वरच्या वाटेने आलो.
गवत माजलंय तिथे, दगड हललेत.
गुडघे खरोखरच दुखले.

रविवारी पुन्हा तेच शब्द.
तोंडं आता सव्वीसच उरलीत.
"कृतीने" म्हणताना मी अडखळलो,
इतर पुढे गेले.
मी मनात म्हटलं, मेंढी. तिचे तीन दिवस.
ते माफ झालेलं होतं, आधीच,
आणि मला ठाऊक होतं.
तरी सांगितलं,
आणि वाटलं, समोर कुणीतरी
हातातली सुरी खाली ठेवून
आता बोलायला लागणार आहे.