आभार मानायचे नाहीत

न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, आमच्या खाडीत,
डॉक्टर बोटीनं यायचा, महिन्यातून एकदा.
समुद्र गोठला की तोही नाही.
बाकीचे दिवस
ड्रुसिला टिबो.

बापाच्या दोन्ही मनगटांत पितळी साखळ्या.
दागिना नव्हे.
मेणकापडी कोटाच्या बाह्या ओल्या कातडीवर दिवसभर घासायच्या,
खारं पाणी मुरायचं,
आणि ओळीनं फोड उठायचे.
पाण्याची पिल्लं म्हणायचो आम्ही त्यांना.
पितळ असलं की पिल्लं होत नाहीत म्हणे.
बापाला व्हायची.
मग ड्रुसिला शिळ्या पावावर उकळतं पाणी ओतून
पोटीस बांधायची,
आणि चटक्यानं तो कळवळला की म्हणायची,
"लिअँडर, वादळात तोंड मिटून असतोस,
पावाला घाबरलास होय?"

सुरीनं कापलं, तर फरच्या खोडावरचा फुगा
नखानं फोडायचा; आतली राळ
थेट जखमेत.
आठवडाभर बोटांना झाडाचा वास.
पुस्तकाची पानं चिकटायची, भाकर चिकटायची,
एकदा शाळेत एलायझा कीपिंगची वेणी.
(ती राळेनं सुटली नाही. कात्रीनं सुटली.)

माझ्या उजव्या हातावर अकरा चामखिळी होत्या.
मी नऊ वर्षांचा.
तिनं मोजल्या, पुन्हा मोजल्या,
खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा
एकेकीवरून फिरवला
आणि चुलीच्या पाठीवर खडूनं अकरा रेघा ओढल्या.
"रेघा जळतील तशा या जातील.
आता घरी जा.
आणि ऐक, पैसे द्यायचे नाहीत,
आभार मानायचे नाहीत.
मानलेस, तर सगळ्या परत."

मी ओठ दाताखाली धरून घरी पळालो.
पंधरवड्यानं सकाळी हात पाहिला :
कोरा, जणू दुसऱ्याच कुणाचा.

तिचे स्वतःचे तळवे मात्र भेगाळलेले,
मासे फाडून, मीठ चोळून.
कॉडच्या तेलात भिजवलेली फडकी बांधून झोपायची.
"मंत्र आपल्यावर चालत नाही,"
एवढंच. त्यात खंत नव्हती,
ओहोटीची वेळ सांगावी तसं सांगायची.

अझारायाच्या कानामागचा काळा डाग
तिनं दिव्याखाली धरून खूप वेळ पाहिला.
चरबीचा तुकडा खाली ठेवला.
हात पुसले.
"याला मी शिवणार नाही.
डॉक्टरच्या बोटीची वाट बघू नकोस,
तुझीच काढ. आज."
तो हसला. कॉडचा हंगाम होता.
हंगाम संपल्यावर गेला.
त्याच्या खोक्यावर पहिली माती तिनं टाकली,
आणि त्या हिवाळ्यात
तिच्या चुलीवर एकही रेघ उठली नाही.

मग कॉडच संपला. खाडी रिकामी झाली.
मी आता शहरात औषधांच्या दुकानात उभा असतो,
ट्यूबा विकतो : भेगांसाठी, खाजेसाठी, चामखिळीसाठीही.
लोक पैसे देतात, आभार मानतात,
दिवसातून शंभरदा,
आणि दर वेळी
उजवा हात आपोआप खिशात जातो.

ड्रुसिला गेली मार्चमध्ये.
जमीन गोठलेली, म्हणून पुरायला मे उजाडला.
सगळे निघून गेल्यावर मी मागे थांबलो,
टोपी काढली,
आणि छत्तीस वर्षं दाताखाली धरलेला शब्द
म्हणून टाकला, मोठ्यानं,
समुद्रपक्षी उडाले इतक्या मोठ्यानं.

तेव्हापासून रोज सकाळी
खिडकीपाशी बोटं तपासतो.
अकरा नकोत.
एक उठली तरी चालेल,
करंगळीवर, कुठंही :
पोच म्हणून.