चौकट

गोठ्याच्या दाराला ओकचा खांब आहे,
त्याच्यावर चाकूने कोरलेल्या दोन खाचा :
एक माझ्या गुडघ्याशी, एक खांद्याला लागून.
साल कुणीच कोरलेलं नाही.

"वरची सत्तेचाळीसची," थिर्झा म्हणते.
"हॅ! त्रेसष्टची," ईनॉक काठी आपटतो.
बहीणभाऊ. दोघंही ऐंशीच्या पलीकडे,
आणि पेनाइन्सच्या या उघड्याबोडक्या उतारावर
भांडायला तिसरं कुणी उरलेलं नाही.

मी टेप घेऊन आलेय.
वहीत रकाने आखलेत : वर्ष, इंच, शेरा.

थिर्झा सांगते :
जानेवारी सरता सरता पूर्वेचा वारा सुटला
आणि मार्चपर्यंत मुक्कामालाच राहिला.
बाप लांब काठी खुपसत चालायचा,
मऊ लागलं की थांबायचा.
मॉस कुत्री हुंगून सांगायची, इथं.
बर्फात एक पिवळसर भोक, बोटभर,
खाली मेंढीचा श्वास.
कुणी दहा दिवसांनी जिवंत निघाली,
शेजारणीची लोकर खाऊन.
रस्ता खणायला जर्मन युद्धकैदी आले होते,
त्यातला एक कच्चा सलगम सालीसकट खायचा
आणि आम्हा पोरांकडे बघून हसायचा.
मग एका रात्रीत पाऊस. बर्फ बसत गेलं,
आणि सकाळी खालच्या ओढ्याकाठी
झाडांच्या फांद्यांत मेंढ्या.
वर. फांद्यांत.
बर्फानं उचलून ठेवलेल्या, तशाच राहिलेल्या.
एक्केचाळीस मोजल्या. मी नऊ वर्षांची होते,
मोजायचं काम माझ्याकडे होतं.

ईनॉक चहाचा कप खाली ठेवत नाही.
त्रेसष्टचं बर्फ कमी होतं, कबूल.
पण ते गेलंच नाही.
नाताळच्या दुसऱ्या दिवशी पडलं
ते मार्चपर्यंत लोखंड होऊन बसलं.
दुधाच्या कॅनमध्ये दूध फुगून
झाकण टोपीसारखं वर उचललेलं.
हेलिकॉप्टरनं गवताच्या गासड्या टाकल्या,
एक छपरातून आत आली.
आणि आई.
जानेवारीच्या अकरा तारखेला गेली.
जमीन कुदळ घेईना.
एकोणीस दिवस पेटी दूधघरात,
चीजच्या फळ्यांखाली.
"मी रोज सकाळी आत जाऊन
चीज उलटायचो," ईनॉक म्हणतो,
"उलटावं तर लागतंच."

थिर्झा खिडकीबाहेर बघते.
तेव्हा ती डोंगरापलीकडे नांदत होती,
आठ मैल. निरोप पोचला फेब्रुवारीत.
"वरची सत्तेचाळीसचीच," ती म्हणते.

मी विचारलं, आणि दोन हजार दहा?
दोघंही हसली, एकदम, एकाच सुरात.
"त्या वर्षी दुकानातला पाव संपला."

टेप लावायला मी खांबाशी वाकले
तेव्हा दिसलं, बिजागरीची जुनी घरं
भलत्याच बाजूला, कडीचं भोक जोत्यापाशी.
"हा खांब उलटा आहे का?"
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग ईनॉक : "एकाहत्तरला बुंधा कुजला होता.
जॉसी कूल्टर्ड सुतार.
कुजका भाग कापून टाकला,
आणि चांगलं टोक खाली घातलं."
"किती कापला?"
"जॉसीला विचार," म्हणाला,
आणि काठीनं चर्चच्या दिशेला खूण केली.

म्हणजे वरची ती खालची, खालची ती वरची,
आणि जमीन कुठे होती ते जॉसीच्या करवतीला ठाऊक.
बाहेर फेब्रुवारी. पाऊस भुरभुरतोय,
उतारावर गवत लाजिरवाणं हिरवं,
बर्फ मोजायची माझी पट्टी
गाडीत, अजून प्लॅस्टिकमध्येच.

इंचाच्या रकान्यात काय लिहू?
"लिही," थिर्झा म्हणते, "मेंढीच्या पाठीच्या वर."
ईनॉक कपात बघत :
"कुठल्या मेंढीच्या?"