नेमकी एकाची चूक

सांगलीच्या मार्केट यार्डामागं आमची शाळा.
खिडकी उघडली की हळदीची पूड
उंबरा विचारत नाही,
थेट हजेरीपटावर येऊन बसते.

टॅब तीन मिळाले. एक चार्जच होत नाही.
उरलेल्या दोघांवर चौथीची सव्वीस मुलं,
तास पस्तीस मिनिटांचा.
म्हणजे एकेकाला दोन मिनिटं, बाकी नऊ.
ती नऊ भांडणात जातात.

खेळात एक तळं आहे.
पानांवर आकडे, वर ढगात गणित.
बरोबर पानाला बोट लावलं
तर बेडूक ऐटीत बसतो, पानाला फूल येतं.
चुकलं, तर डुबुक!
मग वर येऊन शिंकतो, नाक पुसतो,
कुणाला काही बोलत नाही.
मी बोलते. मला सवय आहे.

सुफियान नदाफ, हजेरी क्रमांक एकवीस.
बाप यार्डात पोती उचलतो,
आई हळकुंडं निवडायला जाते,
म्हणून धाकटी मिस्बा वर्गातच असते,
पटावर नाव नसलेली,
भावाच्या मांडीला टेकून.

शनिवारी अहवाल उघडला.
बाकीच्यांपुढं लांब-आखूड हिरव्या पट्ट्या.
सुफियानपुढं शून्य.
चाळीस गणितं, चाळीस डुबक्या.
खाली टॅबचा सल्ला: पहिल्या पायरीवर परत पाठवा.
हातात लाल पेन आलंच होतं माझ्या,
समोर कागद नसून काच असताना.
त्याच्या बापाला सांगायचं वाक्यही जुळवून झालं होतं.

मग सहज एकेक उत्तर बघत गेले.
सात आठे सत्तावन्न.
सहा चोक पंचवीस.
नऊ नवे ब्याऐंशी.
शंभरातून सदतीस गेले, राहिले चौसष्ट.
खाली सरकवलं. अजून खाली.
प्रत्येक ठिकाणी एक जास्त.
दोन नाही, दहा नाही,
चुकूनसुद्धा दोन नाही.

चहावर साय धरली.
इतकं नेमकं चुकायचं
तर खरं उत्तर आधी हातात लागतं.

सोमवारी काही विचारलं नाही.
वह्या तपासायचं निमित्त करून
त्याच्या बाकामागं उभी राहिले.
ढगात आलं आठ सक.
बोट अठ्ठेचाळिसावर गेलं,
टेकलं नाही,
ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं
आणि नुसती मान हलवून पुढं जावं, तसं
शेजारच्या पानावर उतरलं.
डुबुक!
मिस्बा खिदळली,
पडलेल्या दाताच्या खिडकीतून सगळं हसू बाहेर.
"भय्या, और गिरा उसको!"
काचेवर एकोणपन्नासाच्या जागी
हळदीचा पिवळा ठसा.

यार्डातले म्हातारे हमाल सांगतात,
पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
विकणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात,
बोटं दाबून भाव.
भोवती ही गर्दी,
आणि खरा आकडा दोघांनाच ठाऊक.

या पोरानं चुकीचाच रुमाल केला होता.
खाली बरोबर उत्तर झाकून
वर बहिणीचं हसू विकत घेत होता,
रोज दोन मिनिटांत बसेल तेवढं.
आणि मी, अठरा वर्षं गणित शिकवलेली,
त्या गर्दीत उभी,
टाचा उंचावून रुमालच बघत.

रागवावं असं वाटलं. खरंच वाटलं.
शून्याचा अहवाल वर जातो,
वरून मला फोन येतो.
पण तोंडातून निघालं भलतंच:
"एकानं कुणीही चुकेल रे.
आता सातानं चुकवून दाखव."

त्यानं मान वर केली.
पकडलो गेलो, हे त्याला कळलं.
मिस्बाही गप्प.
बेडूक पानावर बसून वाट बघत होता.
सुफियाननं बोट शर्टाला पुसलं,
ढगाकडं बघितलं, मग माझ्याकडं,

"बाई, सात पुढं, का मागं?"