जोत्यापासून दोन हात

जोत्याच्या कडेने पागोळ्यांनी खळगे पाडले होते,
एका रांगेत सतरा.
मी मोजले. आषाढात शाळेला सुट्टी पडली की
वेंगुर्ल्याला खिडकीत बसून आणखी करायचं काय.
प्रत्येक खळग्यात एकेक खडा उघडा पडलेला,
धुऊन धुऊन दातासारखा पांढरा.

मग मागच्या खोलीच्या भिंतीला ओल चढली.
आधी वीतभर, नारळी पौर्णिमेपर्यंत कमरेएवढी.
चुना मिठासारखा फुटून खाली यायचा,
मी केरसुणीने गोळा करायचे, परत यायचा.
कोपऱ्यातली फरशी पाय पडला की
'डब्' म्हणायची,
खाली कुणी राहायला आल्यासारखी.

मी म्हटलं, वॉटरप्रूफ रंग मारून टाकू.
बस्त्याव गवंडी काही बोलला नाही.
छत्री दाराशी टेकली, भर पावसात
घराभोवती एक फेरा घातला,
टाचेने चिखल दाबून बघितला.
"बाई, भिंतीक काय एक झालेला नाय.
पाणी वयसून येता, हंयच पडता, हंयच बसता.
भिंत बिचारी पिता. काय करतली?"

माझ्या लहानपणी पोफळ चिरून पन्हळ करत.
आता पत्र्याची मिळते, कुडाळला, फुटावर भाव.
उघडीप बघून त्याने वाशांना पट्ट्या ठोकल्या,
पारदर्शक नळीत पाणी भरून
एक टोक माझ्या हातात दिलं, "हलू नको."
म्हणजे पाण्यानेच पाण्याचा उतार मापला.
दहा फुटांना एक इंच. डोळ्यांना दिसतही नाही,
पाण्याला पुरतो.

जोत्याला लागून माती चढवली,
धुमसाने चोपली, बाहेरच्या अंगाला उतरती.
पन्हळीच्या तोंडाला पाइप, पाइपाखाली
जांभ्याचे तुकडे लावून केलेली छोटी मोरी.
"जोत्यापासून दोन हात लांब गेला
की आपला काम झाला," बस्त्याव म्हणाला
आणि पैसे घेऊन सायकलवर बसला.

त्या रात्री झोपेत मला
पन्हळ वाहताना ऐकू येत होती.
सतराचं एक झालं होतं पाणी.
इतकी शांत झोप मला कर्ज फिटल्यावरही लागली नव्हती.

सकाळी गडग्यापलीकडून कुंदा पराडकर:
"मास्तरीणबाय, तुझा पाणी माझ्या मांगरात!"
गेले तर खरंच.
सुकी लाकडं तरंगतायत, शेणींचा काला,
करडू पाटावर चढून उभं,
आणि ती गुडघ्यापर्यंत साडी खोचून
टोपाने पाणी बाहेर फेकतेय. माझ्याच दिशेला.
मी हिशेब माझ्या जोत्यापासून धरला होता.
तिच्या जोत्यापासून धरायचं
डोक्यातच आलं नव्हतं.

भांडलो. थोडं पाण्यावरून,
थोडं जुन्या आंब्याच्या फांदीवरून.
मग पुन्हा काळोख दाटून आला,
तेव्हा तिनेच कुदळ काढली.
गडग्याला धरून चर, व्हाळापर्यंत.
मी घमेलं उचलत होते, ती खणत होती,
माझ्या दुप्पट.
मधे फणसाचं मूळ लागलं, मांडीएवढं.
"तोडूया?" मी म्हटलं.
ती म्हणाली, "दोन वर्सांनी धरतलो तो."
म्हणून चर तिथे वाकडा आहे.
पाणी वळताना जरा फुगतं, मग जातं.

भिंत सुकायला दिवाळी उजाडेल म्हणतात.
फरशी अजून 'डब्' म्हणते, पण हळू.
खळगे तसेच आहेत. नवव्यात
कुंदाची तांबडी कोंबडी येऊन बसते.

मध्यरात्री पावसाचा आवाज वाढला
की मी बॅटरी घेऊन बाहेर पडते.
बहुतेक वेळा पलीकडे दुसरी बॅटरी
आधीच वाकड्या जागेवर वाकलेली असते,
फणसाची पानं काढत.
बोलत नाही आम्ही.
एवढ्या पावसात ऐकू येणार काय.